वाल्ड्रेसचे शेत आणि खानापूरचा उतारा

माझी नात दोन घराण्यांची आहे. तिचे आजोळ आमचे, बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातले. आणि तिच्या वडिलांचे घर नॉर्वेतल्या वाल्ड्रेस या डोंगराळ खोऱ्यातले, पिढ्यान्‌पिढ्या शेती करणारे. आमच्या भागात वंशावळ लिहिली जाते ती बहुतेक वेळा जमिनीला वारसा लावायचा असतो म्हणून, तलाठ्यापुढे ठेवण्यासाठी. आणि तिच्यात लेकीच्या लेकरांना जागा नसते. मला नातीसाठी निराळी वंशावळ हवी होती. तिच्यात दोन्हीकडचे पूर्वज असावेत आणि त्या पूर्वजांपासून फुटलेल्या सगळ्या शाखा, मुलींच्यासुद्धा, आजपर्यंत खाली उतरलेल्या असाव्यात, अशी माझी इच्छा होती. व्याही आणि विहीणबाईंनी आपल्याकडचे कागद मोकळ्या मनाने दाखवले, जावयांनी जुन्या नोंदी वाचून त्यांचा अर्थ सांगितला, आणि त्यातून मला जे समजले ते इथे सविस्तर लिहिते आहे. कारण सीमाभागातल्या शेतकरी घराण्यांचा माग काढू पाहणाऱ्यांना त्यातले बरेचसे उपयोगी पडेल, असे मला मनापासून वाटते.

पहिला प्रश्न नावांचा आला. नॉर्वेच्या खेड्यापाड्यांत विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत आपण ज्याला आडनाव म्हणतो तसे स्थिर काही नव्हतेच. लार्सचा मुलगा ओले असेल तर तो ओले लार्सन, त्या ओलेचा मुलगा लार्स असेल तर तो लार्स ओल्सन, आणि ओलेची मुलगी कारी ही कारी ओल्सडातर. त्यापुढे राहत्या शेताचे नाव लावत. ओले लार्सन हौगेन म्हणजे लार्सचा मुलगा ओले, राहणार हौगेन. हे शेवटचे नाव कुळाचे नसे, जागेचे असे. हाच ओले लग्नानंतर बायकोच्या माहेरी, बाक्के नावाच्या शेतावर नांदायला गेला तर पाद्री पुढच्या नोंदीत त्याला ओले लार्सन बाक्के असे लिहून मोकळा होई. १९२३ साली कायदा झाला आणि प्रत्येक कुटुंबाला एक कायमचे आडनाव धरावे लागले. त्या वेळी कोणी शेताचे नाव धरले, कोणी बापाच्या नावावरचे ‘सन’वाले नाव तसेच ठेवले, आणि म्हणून आज वेगळ्या आडनावांची माणसे एका रक्ताची निघतात, तर एकाच आडनावाच्या दोघांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नसतो.

आपल्याकडच्या उचगावकर, कडोलकर, सांबरेकर, येळ्ळूरकर या आडनावांनी हा अनुभव आपल्याला काही अंशी दिलेलाच आहे. गाव सोडून दुसरीकडे वस्ती केलेल्या माणसाला मागच्या गावाचे नाव चिकटले आणि ते पुढच्या पिढ्यांना राहिले. पण एका गावातून निघालेली सगळी माणसे एका कुळाची नव्हती, त्यामुळे दोन कडोलकर भाऊबंद असतीलच असे नाही. पाटील आणि देसाई यांच्याबद्दल तर बोलायलाच नको, कारण ती वतनाची नावे. शेतकरी कुळाचा शोध आडनाव धरून सुरू केला की तो थोड्याच वेळात भलत्या घरात शिरतो. तो जमीन धरून सुरू करावा. नॉर्वेत ही गोष्ट सर्वमान्य आहे, आणि आपल्याकडेही ती तितकीच खरी असून आपण मात्र ती वापरत नाही, हेच मला या सगळ्या लिहिण्यातून सांगायचे आहे.

नॉर्वेत शेत म्हणजे नुसती लागवडीची जमीन नव्हे. राहते घर, गोठा, धान्याचे कोठार, कुरण, जळणाचे जंगल आणि उन्हाळ्यात गुरे घेऊन जाण्याची डोंगरावरची जागा, असे सगळे मिळून एक शेत होते आणि त्या सगळ्याला मिळून एकच नाव असते. देशाच्या एकूण भूमीपैकी लागवडीखालची जमीन जेमतेम ३ टक्के असल्यामुळे अशा प्रत्येक शेताची मोजदाद आणि करआकारणी फार काळजीपूर्वक होत आली. १८८६च्या जमीन नोंदवहीपासून प्रत्येक शेताला एक क्रमांक आणि त्यातल्या प्रत्येक वाट्याला पोटक्रमांक मिळाला, आणि तीच पद्धत आजही चालू आहे. व्याह्यांनी आपल्या शेताच्या कागदावरचे ते दोन आकडे मला दाखवले तेव्हा ते मला समजावून सांगण्याची गरज त्यांना पडली नाही. कारण आमच्या शेताच्या उताऱ्यावर सर्व्हे नंबर आणि त्यापुढे हिस्सा नंबर याच रीतीने लिहिलेला असतो. शेतांच्या नावांचा अभ्यासही त्या देशात मोठ्या आस्थेने झालेला आहे. ओलुफ रिग या इतिहासकाराने देशभरातल्या शेतांची नावे, त्यांची जुनी रूपे आणि त्यांचे मूळ एकत्र करण्याचे काम हाती घेतले आणि त्याचे खंड १८९७ पासून पुढे कित्येक वर्षे प्रसिद्ध होत राहिले. आपल्या शिवारातल्या माळांना, टेकांना, पट्ट्यांना जी नावे आहेत ती म्हाताऱ्या माणसांबरोबर जात आहेत, आणि त्यांची एखादी यादी तरी प्रत्येक गावाने करून ठेवावी, असे मला तेव्हापासून फार वाटते.

शेत हा धागा हाती धरला की तिकडे एक मोठा आधार मिळतो, तो म्हणजे गावाचा ग्रंथ. त्याला ते बिग्डेबूक म्हणतात. खोऱ्याखोऱ्याचे असे ग्रंथ स्थानिक अभ्यासकांनी वर्षानुवर्षे खपून तयार केलेले आहेत आणि वाल्ड्रेसचेही आहेत. त्यांची मांडणी कुळांवर नसून शेतांवर असते. शेत उघडले की त्यावर एकामागून एक कोण राहिले, कोणी कोणाकडून किती साली घेतले, नवरा-बायको दोघेही मूळ कोणत्या शेतावरचे, मुले कोणती, त्यांतले कोण लहानपणी गेले, कोणाचे लग्न कुठल्या शेतावर झाले आणि कोण अमेरिकेला गेले, हे ओळीने येते. एका शेतावरून दुसऱ्या शेतावर लग्न होऊन गेलेली मुलगी त्या दुसऱ्या शेताच्या पानावर पुन्हा भेटते. वर चढण्यासाठी आणि खाली उतरण्यासाठी असे दोन्ही जिने एकाच घरात असावेत, तशी ही सोय आहे. मात्र छापील ग्रंथावर थांबू नये, असे जावयांनी मला पहिल्याच दिवशी सांगितले. प्रत्येक दुवा मूळ नोंदीशी ताडून पाहावा, कारण एकाच शेतावर एकाच वेळी एकाच नावाची दोन माणसे असणे तिकडे अगदी नेहमीचे आहे.

त्याचे कारण नावे ठेवण्याच्या रीतीत आहे. पहिल्या मुलाला बापाच्या बापाचे नाव, दुसऱ्याला आईच्या बापाचे, पहिल्या दोन मुलींना दोन्ही आज्यांची नावे, अशी ती रूढ चाल होती. विधुराने दुसरे लग्न केले तर त्या लग्नातल्या पहिल्या मुलीला बहुधा मागच्या बायकोचे नाव देत. दोन्ही आजोबा ओले असले तर एका घरात दोन ओले एकाच वेळी वाढत, आणि एखादे मूल दगावले तर पुढच्या मुलाला तेच नाव पुन्हा मिळे. ही रीत माहीत असली की तिचा उलटा उपयोगही करता येतो. मोठ्या मुलांची नावे पाहून आजोबांच्या नावाचा अंदाज बांधता येतो आणि मग तो नोंदीत शोधता येतो. आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची चाल आपल्याकडेही जुनी आहे, आणि मोडी कागदांत एकाआड एक पिढीला तेच नाव दिसते तेव्हा तिचा असाच उपयोग होतो.

मूळ नोंदींमध्ये सर्वांत भरवशाच्या म्हणजे चर्चच्या वह्या. सतराव्या शतकापासूनच्या काही वह्या टिकल्या आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला छापील रकान्यांच्या वह्या आल्या आणि दुसरी प्रत ठेवण्याचा नियमही झाला. बाप्तिस्मा, वयाच्या पंधराव्या वर्षाच्या आसपास होणारा धर्मदीक्षेचा विधी, लग्न, दफन, गावात आलेले आणि गाव सोडून गेलेले, असे तिचे भाग असतात. देवीची लस टोचल्याची तारीखसुद्धा त्यात सापडते, कारण १८१० पासून लस टोचल्याशिवाय दीक्षा किंवा लग्न होत नसे. एका बाप्तिस्म्याच्या ओळीत काय काय असते ते मी जवळून पाहिले. जन्माची तारीख, बाप्तिस्म्याची तारीख, बाळाचे नाव, आईबापांची नावे, शेत, आणि शेवटच्या रकान्यात चार-पाच साक्षीदारांची नावे, तीही त्यांच्या त्यांच्या शेतांसह. हा शेवटचा रकाना पुष्कळ जण वाचत नाहीत, पण नात्यांचा उलगडा तिथेच होतो, कारण साक्षीदार म्हणून उभे राहणारे बहुधा आत्या, मामा, काका, मावश्या आणि शेजारचे शेतकरीच असत. आपल्या बारशाला आत्या लागते, तसाच तिथे कोणाला मान द्यायचा हे नात्याने ठरत असे.

दुसरा आधार शिरगणतीचा. १८०१च्या शिरगणतीत देशातल्या सुमारे ८ लाख ८० हजार माणसांपैकी प्रत्येकाचे नाव आहे. त्यानंतर पुन्हा सर्वांची नावे लिहिली गेली ती १८६५ मध्ये, आणि ही १८६५ची शिरगणती शेतकऱ्याच्या घरातल्या माणसाने अवश्य पाहावी अशी आहे. तिच्यात माणसांच्या नावांबरोबर त्या घरचे घोडे, गाई, मेंढ्या, शेळ्या, डुकरे यांची संख्या आहे आणि त्या वर्षी जव, ओट, बटाटा यांचे बी किती पेरले तेही आहे. नातीच्या खापरपणजोबांच्या आधीचा माणूस नुसत्या नावाने डोळ्यांसमोर येत नाही. पण त्याच्या गोठ्यात गाई किती होत्या आणि त्याने बटाटा किती लावला होता हे वाचले की त्याचे घर दिसू लागते. याच पानावर घराच्या मालकाखाली बहुधा एक म्हातारे जोडपे असते आणि त्यांच्यापुढे लिहिलेले असते की ते फोडेरोदवर आहेत. शेत मुलाच्या नावे करून देताना आईबाप त्याच्याशी रीतसर करार करत आणि तो न्यायसभेत वाचून नोंदवला जाई: दर वर्षी इतके जव, इतके बटाटे, एका-दोन गाईंचा चारा, काही मेंढ्या, जळण, आजारपणात शुश्रूषा आणि शेवटी रीतीप्रमाणे दफन. आपल्याकडे वाटणीच्या वेळी आईबापांसाठी चार गुंठे मागे ठेवतात किंवा मुलांनी पाळीपाळीने सांभाळायचे असे पंच ठरवतात, पण ते बोलण्यावर राहते. तिकडे ते कागदावर आले आणि त्यामुळे शेत केव्हा, कोणाकडून, कोणाकडे गेले याचा बिनतोड पुरावा मागे राहिला.

शेत कोणाकडे जाणार, हा प्रश्न दोन्हीकडच्या इतिहासाच्या मुळाशी आहे. नॉर्वेत कुळाच्या शेतावरचा कुळाचा हक्क फार जुना; त्याला ते ओदेल म्हणतात. राजा माग्नुसच्या १२७४च्या कायद्यात तो आहे आणि १८१४च्या राज्यघटनेने तो रद्द करता येणार नाही असे सांगितले आहे. शेत कुळाबाहेर विकले गेले तर ठरलेल्या मुदतीत किंमत देऊन ते परत घेण्याचा अधिकार त्यातून मिळतो. याच्याच जोडीला एका वारसाने अख्खे शेत न तोडता घ्यावे आणि इतर भावंडांना त्यांच्या वाट्याची भरपाई द्यावी, अशी तरतूद आहे. तिकडे शेते अजिबात तुटली नाहीत असे नव्हे, पोटक्रमांक पडले ते त्यामुळेच. पण मूळ कल शेत अखंड ठेवण्याकडे राहिला. आपल्याकडे प्रत्येक मुलाचा वाटा ठरलेला, म्हणून एकरांचे गुंठे झाले. तिकडे जमीन अखंड राहिली आणि माणसे पांगली. आपल्याकडे माणसे थांबली आणि जमीन फुटली. वंशावळ काढणाऱ्याच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे. आमच्या गावात एका सर्व्हे नंबराचे हिस्से क्रमाने मांडले आणि प्रत्येक फेरफाराची नोंद पाहिली, तर चार भावांची चार घरे आणि त्यांच्या पुढच्या शाखा जवळजवळ आपोआप उभ्या राहतात. वाल्ड्रेसमध्ये शेताचा कागद फक्त शेत मिळालेल्या मुलाची गोष्ट सांगतो आणि बाकीची भावंडे दुसरीकडे शोधावी लागतात.

ही बाकीची भावंडे कुठे गेली? काही शेजारच्या शेतांवर लग्न होऊन गेली, पुष्कळशी हुस्मान झाली. हुस्मान म्हणजे मोठ्या शेताच्या कडेला झोपडी आणि थोडी जमीन कसायला घेऊन त्या बदल्यात मालकाकडे ठरलेले दिवस राबणारा माणूस. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर त्यांची संख्या ६० हजारांच्या वर गेली होती. त्यांच्या नावापुढेही मालकाच्याच शेताचे नाव लागे, म्हणून ओले लार्सन हौगेन हा हौगेनचा मालक की हौगेनवर राबणारा, हे नुसत्या नावावरून सांगता येत नाही. चर्चच्या वहीत धंद्याचा रकाना पाहावा लागतो. व्याह्यांच्या घराण्यात मालक आहेत तसेच हुस्मानही आहेत, आणि त्यांनी ते दोन्ही सारख्याच आदराने सांगितले याचे मला फार समाधान वाटले. आपल्याकडे कुळ म्हणून दुसऱ्याचे रान कसणाऱ्या पूर्वजांबद्दल लोक बोलायला कचरतात. खरे तर कर्नाटकाच्या भूसुधारणा कायद्याने १ मार्च १९७४ पासून कसणाऱ्याला जमीन मिळण्याचा मार्ग मोकळा केला, तेव्हाच्या अर्जांत आणि निकालांत कित्येक घरांची पहिली लेखी ओळख दडलेली आहे, आणि ती शोधणे हा त्या माणसांच्या कष्टांचा मान राखणेच आहे.

आणि उरलेली माणसे समुद्रापार गेली. ‘रेस्टोरासियोन’ हे छोटे गलबत ५२ माणसांना घेऊन जुलै १८२५ मध्ये स्टाव्हांगर बंदरातून निघाले आणि ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कला पोहोचले, तेव्हा वाटेत एक मुलगी जन्मल्यामुळे ती ५३ झाली होती. तिथून पुढच्या शंभर वर्षांत सुमारे ८ लाख माणसे अमेरिकेला गेली. शिरगणतीतली १८०१ची लोकसंख्या वर दिली आहेच. तिच्याशी हा आकडा ताडून पाहिला म्हणजे काय झाले असेल ते समजते. लोकसंख्या वाढली होती, पिकाऊ जमीन वाढणे शक्य नव्हते, आणि १८६२च्या कायद्याने अमेरिकेत १६० एकर जमीन वस्ती करून कसणाऱ्याला मिळू लागली होती. वाल्ड्रेसमधून विस्कॉन्सिन, आयोवा आणि मिनेसोटाकडे माणसांची रीघ लागली. अर्थशास्त्रज्ञ थोरस्टीन व्हेब्लेन यांचे आईवडील १८४७ मध्ये याच खोऱ्यातून गेले. त्यांचे आडनाव म्हणजे वाल्ड्रेसमधल्या शेताचेच नाव.

पूर्वज शोधण्यापेक्षा वंशज शोधणे अवघड आहे, हे मला या टप्प्यावर कळले. वर जाताना प्रत्येकाला आईबाप दोनच असतात; खाली येताना प्रत्येक पिढीत वाटा फुटतात आणि एकेक वाट दुसऱ्या देशात, दुसऱ्या भाषेत जाते. गाव सोडणाऱ्याची नोंद पाद्री करत असे आणि १८६७ पासून बंदरांवर पोलिसांकडेही प्रवाशांची नोंद होऊ लागली. त्या नोंदींत नाव, वय आणि मूळ जागा मिळते. पलीकडे गेल्यावर मात्र नावे बदलतात. एक भाऊ ओल्सन म्हणून राहिला, दुसऱ्याने शेताचे नाव धरून तो हौगेन झाला, आणि त्यांची नातवंडे एकमेकांना ओळखेनाशी झाली. अशा वेळी अमेरिकेतल्या नॉर्वेजियन चर्चच्या वह्या आणि १९०० सालची अमेरिकी शिरगणती उपयोगी पडतात. त्या शिरगणतीत देशात केव्हा आलो हे प्रत्येकाला विचारलेले आहे आणि ते साल बंदरावरच्या नोंदीशी जुळवता येते. एकेका खोऱ्यातून गेलेल्यांनी तिकडे आपापली मंडळेही काढली. १८९९ मध्ये सुरू झालेले वाल्ड्रेसकरांचे मंडळ त्यांतले पहिले, आणि त्यांनी मागचे गाव आणि पुढची पिढी यांची जी माहिती जमवली तिच्यामुळे कित्येक शाखा पुन्हा जोडल्या गेल्या.

आता बायकांविषयी लिहायचे आहे, आणि ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. त्या खेड्यांत लग्न झाल्यावर बाईचे नाव बदलत नसे. कारी ओल्सडातर लग्नानंतरही कारी ओल्सडातरच राही. मुलांच्या बाप्तिस्म्यात, शिरगणतीत आणि दफनाच्या नोंदीतही. त्यामुळे आजीचा बाप, त्या बापाचे शेत आणि मग तिच्या आईचे माहेर, असा बायकांकडचा धागा शेकडो वर्षे मागे नेता येतो. व्याह्यांच्या घरात एक लाकडी पेटी आहे. तिच्यावर फुलापानांची वळणदार रंगीत नक्षी असून दर्शनी बाजूला मुलीचे नाव, बापाच्या नावासह, आणि साल रंगवलेले आहे. लग्न होऊन येताना मुलगी आपले कपडे, विणलेली पांघरुणे आणि चांदीचे चार दागिने अशा पेटीतून आणत असे, आणि पुढे अमेरिकेला जाणाऱ्यांनीही सामान अशाच पेट्यांतून नेले. त्या पेटीवरच्या नावाने विहीणबाईंना एका पिढीतल्या दोन सारख्या नावांच्या बायकांपैकी आपली कोणती हे ठरवता आले.

आमच्याकडे लग्नात बाईचे आडनाव बदलते आणि पुष्कळ घरांत पाळण्यातले नावही बदलते. माझ्या आजेसासूबाईंचे माहेर कोणते हे उताऱ्यात नाही, वारशाच्या नोंदीत नाही, कुठल्याच सरकारी कागदात नाही. तिथे त्या फक्त अमक्याची विधवा आहेत. ते मिळाले ते माळ्यावरच्या तांब्याच्या हंड्यावर. काठाखाली ठिपक्यांनी कोरलेल्या दोन ओळी होत्या. पहिल्या ओळीत त्यांचे माहेरचे पूर्ण नाव, दुसऱ्या ओळीत देणाऱ्या मामाचे नाव आणि गाव. हंडा चिंचेने घासला तेव्हा अक्षरे वर आली. गाव चंदगड तालुक्यातले निघाले. त्यानंतर मी नात्यागोत्यातल्या घराघरांत घागरी, परात, समया, पितळी डबे उजेडात नेऊन पाहू लागले, आणि बायकांची माहेरे जितकी भांड्यांनी सांगितली तितकी कागदांनी सांगितली नाहीत. मोडीत निघण्याआधी या भांड्यांवरची अक्षरे कृपा करून उतरवून घ्यावीत, त्यांची छायाचित्रे काढावीत, ही माझी सगळ्या वाचकांना कळकळीची विनंती आहे.

आमच्या भागातली कागदांची स्थिती थोडक्यात सांगते. जुनी कागदपत्रे मोडीत, त्यानंतरची बाळबोध मराठीत, आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेल्यानंतरची हळूहळू कन्नडमध्ये. चंदगड तालुका त्या वेळी मुंबई राज्यातच राहिला आणि कोल्हापूर जिल्ह्याला जोडला गेला, त्यामुळे एकाच घराण्याच्या दोन शाखांचे कागद दोन राज्यांत, दोन भाषांत आहेत. एका भावाचा सातबारा, दुसऱ्याची पहाणी, म्हणजे कर्नाटकातला जमिनीचा उतारा. कन्नड उताऱ्यात मराठी नावे लिहिताना त्यांची रूपे बदलतात आणि पुन्हा मराठीत आणताना आणखी बदलतात. इथेही सर्व्हे नंबरच कामाला येतो, कारण भाषा बदलली तरी रान तेच राहते. मोडी वाचणारी माणसे आज फार थोडी उरली आहेत; ज्यांच्या घरात असे कागद आहेत त्यांनी ते वाचून घेण्याचे काम पुढे ढकलू नये.

आमच्याकडे मात्र एक आधार असा आहे की जो वाल्ड्रेसमध्ये नाही, आणि व्याह्यांनी तो ऐकून पुन्हा पुन्हा विचारला. तो म्हणजे हेळवी. सुगी संपली की बैल घेऊन हेळवी दारात येतो, आणि त्या घराची मूळ जागा, कुलदैवत आणि पिढ्यांची नावे वहीतून आणि तोंडपाठही म्हणून दाखवतो. नवी जन्मलेली मुले तो वहीत चढवून घेतो आणि धान्य, कपडा, कधी वासरू घेऊन पुढच्या घरी जातो. कोणत्या हेळव्याकडे कोणती घरे हे ठरलेले असते आणि ते बापाकडून मुलाकडे जाते. उताऱ्यात जे कधीच येत नाही, म्हणजे घराणे मुळात कोणत्या गावचे, ते हेळव्याच्या वहीत असते. आमची वस्ती घाटाखालून वर आली असे आमच्या हेळव्याने सांगितले आणि त्या गावचे नावही सांगितले. त्याला जोड देणारा कागद अजून हाती आलेला नाही, म्हणून मी तो भाग वंशावळीत वेगळ्या शाईने लिहिला आहे. हेळव्याच्या वहीत मुलींची नावे नसतात. मी त्याला आमच्या लेकींची नावे सांगितली आणि घालण्याचा आग्रह धरला, तेव्हा त्याने त्यासाठी स्वतंत्र पान केले.

जिवंत माणसांबद्दल एक पथ्य पाळते आहे. दोन्हीकडच्या मंडळींशी बोलून असे ठरवले की हयात असलेल्यांची नावे आणि जन्मतारखा घरच्या वहीतच राहतील, बाहेर कुठेही जाणार नाहीत. नॉर्वेत शिरगणतीचे कागद १०० वर्षांनी खुले होतात, १९२०ची शिरगणती डिसेंबर २०२० मध्ये खुली झाली. सरकारने इतका काळ जे झाकून ठेवले ते आपण उतावीळपणे उघड करू नये, हे मला पटते.

नातीचे स्थान या वंशावळीत कुठे येते ते व्याह्यांनी मला नीट समजावून सांगितले. ओदेलच्या हक्कात पूर्वी मुलगे आधी आणि मुली मागून, असा क्रम होता. १९७४च्या कायद्याने तो बदलला आणि थोरल्या अपत्याचा हक्क पहिला ठरला, मग तो मुलगा असो की मुलगी. जावई त्यांच्या घरात थोरले, आणि नात तिच्या धाकट्या भावाच्या आधीची. म्हणजे ते वाल्ड्रेसचे शेत तिच्या वडिलांनंतर प्रथम तिला विचारले जाईल. ती घेईल की नाही हे तिचे तिने ठरवायचे. आपल्याकडे २००५च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित जमिनीत मुलींना मुलांइतकाच वाटा दिला, तरी वारसा लावताना बहिणींकडून हक्कसोड लिहून घेण्याची चाल अजून जात नाही. माझ्या लेकीचे नाव आमच्या उताऱ्यावर भावाच्या नावाखाली लागले आहे, आणि तिची हक्कसोड कोणी मागितलेली नाही.

सध्या आजेसासूबाईंच्या माहेरच्या शाखेचे काम चालू आहे. चंदगडकडच्या त्या घराने मोडी कागदांचे एक दप्तर दाखवले असून त्यातले वाटणीपत्र वाचून घेतले जात आहे. त्यात चार भावांची नावे आतापर्यंत लागली आहेत आणि एका बहिणीला चोळीबांगडीसाठी लावून दिलेल्या शेताचा उल्लेखही आहे. ते शेत आज कोणत्या नंबरात आहे हे सातबारावरून काढायचे आहे. ते मिळाले की त्या बहिणीच्या वंशजांचा शोध सुरू करीन.